वेशीच्या आतली दाढ

देवासला माझ्या भाच्याचा दातांचा दवाखाना आहे. हात धुण्याच्या बेसिनवरच्या फळीवर त्यानं काचेची एक बाटली ठेवली आहे. बाटलीत काही दात आहेत. ते त्याच्या पेशंटांचे नव्हेत, कॉलेजच्या दिवसांतले आहेत, आणि काचेसारखे आरपार दिसतात. झाकण उघडलं की मुरगळलेल्या पायाला लावायच्या मलमासारखा वास येतो. भरलेला दात आधी निळ्या शाईत बुडवून ठेवायचा, मग आम्लात टाकून त्यातला चुना काढायचा, मग त्या वासाच्या तेलात सोडायचा. दात पारदर्शक होतो आणि शाई कुठपर्यंत शिरली ते बाहेरून दिसतं. बहुतेक दातांत निळा रंग वरच्या कडेलाच थांबला आहे. एका दातात मात्र केसाएवढी रेघ वरपासून मुळाच्या टोकापर्यंत उतरली आहे. तो दातही भरलेलाच होता. बाहेरून पाहिलं तर त्याचं भरण इतरांइतकंच चांगलं दिसतं.

पेशंटांच्या बाकावर बसलं की ही बाटली समोर येते. गेल्या वर्षभरात मी त्या बाकावर पुष्कळ वेळा बसलो, तो माझ्या वहिनींसाठी.

वहिनी म्हणजे थोरल्या भावाची बायको. ती दोघं धारला असतात. आमचे पूर्वज मराठा दरबाराच्या फौजेचे कपडे शिवायला धारला आले आणि तिथलेच झाले. फौज गेली, शिवण राहिली. दादाचं शाळेच्या गणवेशांचं दुकान आहे; सणासुदीला तिथे बाकीचेही कपडे शिवतात. खाली दुकान, वर घर, मध्ये अरुंद जिना. मी नोकरीसाठी देवासला आलो आणि एका हिंदी दैनिकाच्या डेस्कवर निवृत्तीपर्यंत काम केलं. बहीणही देवासलाच दिली. भाचा तिचा मुलगा. तो हिंदी शाळेत शिकला. मराठी बोलतो, पण वाचायची वेळ आली की कागद पुढे सरकवतो.

देवीचे चांदीचे टाक थोरल्या घरी असतात आणि नवरात्रात घटही तिथेच बसतो. आमच्या घरी एक नियम आहे. जी बाई घट बसवते तिनं घट उठेपर्यंत गावाची वेस ओलांडायची नाही. दिवाही तोवर विझू द्यायचा नाही. ते दिवस आमच्याकडे तारखांनी मोजत नाहीत, माळांनी मोजतात. घटावर रोज एक माळ चढते. पहिली माळ, दुसरी माळ, असं. वहिनी लग्न होऊन आल्या त्या वर्षापासून हे सगळं त्यांच्याकडे आहे आणि त्यात कधी खंड पडलेला नाही.

वहिनींची खालची दाढ दुखू लागली ती पितृपक्षात. धारला दातांचे डॉक्टर आहेत. एक तर दुकानापासून हाकेच्या अंतरावर आहे. पण घरचा डॉक्टर असताना परक्यापुढे तोंड उघडायचं हे आमच्यात बसत नाही. म्हणून त्या धारहून इंदूर आणि इंदूरहून देवास अशा दोन बस करून आल्या. भाच्यानं दाढ उघडली, आतली सडलेली नस काढली, मुळांमधल्या नळ्या धुतल्या, औषध घातलं आणि वर पांढरं कच्चं भरण लावलं. आठवड्यानं परत या, मग पक्कं भरू, असं त्यानं सांगितलं. मी तेव्हा त्याला विचारलं होतं की साफ झालं तर मग राहिलं काय. तो म्हणाला की साफ करणं हे अर्धं काम आहे. रिकामी नळी उघडी राहिली तर तिच्यात लाळ झिरपते, आणि लाळेबरोबर तोंडातलं सगळंच. वरपासून टोकापर्यंत बंद झाली तरच साफ केल्याचा उपयोग.

आठवड्यानं घट बसलेला असणार होता.

"घट उठला की येते," वहिनी म्हणाल्या.

"मामी, ये टेम्पररी है. इतके दिवस नाही टिकत ते."

"अरे, मी त्या बाजूनं खातच नाही."

भाच्यानं माझ्याकडे पाहिलं, आणि मग ठीक आहे म्हणाला. पुढचा पेशंट कारखान्यातला एक तरुण कामगार होता. त्यालाही तसंच कच्चं भरण लावलं होतं. शिफ्टमुळे पुढच्या आठवड्यात जमणार नाही असं तो सांगू लागला तेव्हा भाच्याचा आवाज दाराबाहेर ऐकू आला: "भिया, नहीं आए तो फिर मेरे पास मत आना." तो कामगार वेळेवर आला असावा. वहिनी दसऱ्यानंतर आल्या.

तेव्हा दाढेवरचं कच्चं भरण नव्हतं. कधी पडलं, असं भाच्यानं विचारलं. कालच, असं वहिनींनी सांगितलं. त्यानं नळ्या पुन्हा धुतल्या, वाळवल्या, रबरासारख्या गुलाबी काड्या आणि लेप घालून त्याच दिवशी भरल्या. एक्स-रेमध्ये मुळांच्या टोकापर्यंत पांढऱ्या रेघा दिसत होत्या. आणखी एकदा औषध घालून आठवडाभर थांबण्याचा विचार त्याच्या मनात आला होता, हे त्यानं नंतर सांगितलं. पण दिवाळी तोंडावर होती, दुकानात गर्दी होती, आणि मामींना पुन्हा धारहून बोलवायचं त्याच्या जिवावर आलं. नंतर कॅप बसली. शेजारची जागा रिकामी होती, म्हणून त्याच दाढेच्या आधारानं तिथे ब्रिजही बसवला. दुखणं थांबलं. हा विषय घरात संपला.

पुढच्या पावसाळ्यात वहिनींना धाप लागू लागली. आधी आम्हाला कळलं नाही, कारण त्यांनी कळू दिलं नाही. दादाचा डबा खाली दुकानात नेताना त्या जिन्याच्या मध्यावर थांबत आणि पदर नीट करीत. दादाला वाटे की दुकानात गिऱ्हाईक असतं म्हणून पदर सावरत असेल. एकदा त्या डबा पायरीवर ठेवून बसल्या आणि उठल्या नाहीत, तेव्हा त्यांना इंदूरला नेलं. हृदयाची एक झडप इतकी अरुंद झाली होती की ती बदलण्याशिवाय उपाय नव्हता. सर्जननं नीट समजावून सांगितलं. ऑपरेशन करता येण्याजोगं होतं, पण फार थांबण्याजोगं नव्हतं. शक्यतो दिवाळीच्या आत व्हावं असं त्याचं म्हणणं होतं. त्याआधी तोंडाची तपासणी हवी होती. दातांतले जंतू रक्तात उतरले तर नव्या झडपेवर जाऊन बसतात, आणि मग तिथून त्यांना काढणं फार कठीण जातं.

तपासणीत बाकी सगळं ठीक निघालं. कॅपखालच्या त्या दाढेच्या मुळाशी मात्र एक्स-रेत काळं वर्तुळ होतं. तिथल्या दातांच्या डॉक्टरनं दोन वाक्यं सांगितली. रूट कॅनाल गळतंय. हे निस्तरा किंवा दाढ काढा, मग या.

त्या आठवड्यात सगळे माझ्या घरी जमले. दादा आणि वहिनी धारहून आले होते, भाचा दवाखाना बंद करून आला. दादानं त्याला बसही म्हटलं नाही.

"डॉक्टरसाहेब, आमच्या दुकानात शिवण उसवली तर आम्ही गिऱ्हाइकाला दुसरीकडे पाठवत नाही. तुमच्यात काय रिवाज आहे?"

भाचा म्हणाला की माझंच काही चुकलं असेल. दादा म्हणाला, असेल नव्हे, आहे. घरचं माणूस म्हणून दोन बस बदलून आलो, गल्लीतल्या डॉक्टरकडे गेलो असतो तर निदान त्याच्याशी भांडता आलं असतं. त्यावर बोलल्या त्या वहिनी.

"त्याचं नाही चुकलं. दुसऱ्या माळेलाच पडलं होतं ते."

काय पडलं, हे दादाच्या लक्षात यायला वेळ लागला. भाच्याच्या लगेच आलं.

"आणि मग दसऱ्यापर्यंत?"

"कापूस लावत होते. वातींसाठी आणलेला, नवा. लवंगेच्या तेलात बुडवून. रोज बदलत होते."

"मग कालच का म्हणालात, मामी?"

"तू परत बोलावलं असतंस. दुकानात गर्दी होती."

त्यांच्या दृष्टीनं तो कापूस स्वच्छच होता. देवीच्या दिव्यासाठी पिंजलेला, कोणाचा हात न लागलेला, सोवळ्यात ठेवलेला. भाच्यानं त्यांना शांतपणे सांगितलं की कापूस लाळ अडवत नाही, धरून ठेवतो. लवंगेनं दुखणं कळत नाही, एवढंच. नवरात्रभर त्या नळ्यांमध्ये लाळ उतरत राहिली, आणि नंतर त्यानं वरून त्या बंद केल्या. मग तो म्हणाला की मामींनी कालच म्हटलं तरी मी थांबायला हवं होतं; उघडी दिसल्यावर त्याच दिवशी भरायची नव्हती. दादानं आधीचे शब्द मागे घेतले नाहीत. पण त्यानं भाच्याला बस म्हटलं.

दाढ काढून टाकणं हा जवळचा रस्ता होता आणि भाच्याचा कल तिकडे होता. वहिनी तयार नव्हत्या. दाढ गेली की तिच्यावर टेकलेला ब्रिजही जाणार होता; दुसऱ्या बाजूला आधीच फारसं काही उरलं नव्हतं. ऑपरेशननंतर ताकद यायला चावून खायला नको का, हा त्यांचा प्रश्न चुकीचा नव्हता. इंदूरहून रूट कॅनालच्या एक तज्ज्ञ डॉक्टर दर गुरुवारी भाच्याच्या दवाखान्यात येतात. त्यांनी एक्स-रे पाहून सांगितलं की दाढ वाचण्यासारखी आहे, पण खात्री देत नाही. हृदयाच्या डॉक्टरांना विचारून काम सुरू झालं.

कॅप काढली तेव्हा मी दारात होतो. तिथपर्यंत वास आला. वहिनींनाही तो आला असणार, कारण त्यांनी खुर्चीचा हात घट्ट धरला. आतल्या गुलाबी काड्या उकरून काढल्या. त्या टोकाकडे काळपट झाल्या होत्या. नळ्या पुन्हा धुतल्या, औषध भरलं, वर पुन्हा कच्चं भरण लावलं, या वेळी जाड. पुढच्या गुरुवारी तेच. पक्कं भरण्याचा गुरुवार ठरला तेव्हा भाच्यानं मोबाइलमध्ये तारीख पाहिली. वहिनींना मोबाइल लागला नाही.

"पाचवी माळ," त्या म्हणाल्या.

हा गुरुवार सोडला तर पुढचा दसऱ्यानंतर येत होता, आणि इतके दिवस कच्च्या भरणावर राहायचं म्हणजे गेल्या वर्षीचंच पुन्हा करायचं. दादानं फोनवर सांगितलं की या वर्षी घट बसवूच नका, देवीला कळतं. वहिनी म्हणाल्या की देवीला कळत असेल, मला कळत नाही. ऑपरेशनला जायच्या वर्षीच घट नाही बसवायचा, हे त्यांच्यानं होणार नव्हतं. माझ्या बहिणीनं बसवावा तर ती दिलेली मुलगी. तिचं घराणं दुसरं. दोन दिवस घरात याच्यावर खल झाला. तिसरा मार्ग वहिनींनीच काढला.

"देवीला देवासला न्यायची. घट भावजींच्या घरी बसेल. दवाखाना वेशीच्या आत येतो."

दादाला हे पटलं नाही. टाक आजवर धारच्या बाहेर गेले नव्हते. दरबार धारचा, आपण धारचे, देवी धारची, असं तो बराच वेळ सांगत राहिला आणि शेवटी म्हणाला, "उद्या म्हणशील, सोनंही दवाखान्यातच वाटू."

"वाटू की. तिथली खुर्ची चांगली आहे."

सर्वपित्रीच्या आदल्या दिवशी त्या निघाल्या. टाक लाल कापडात गुंडाळून स्टीलच्या डब्यात ठेवले होते, आणि डबा मांडीवर. घटाची माती त्यांनी धारहूनच पिशवीत घेतली होती. इंदूरहून देवासच्या बसमध्ये मी बरोबर होतो. कंडक्टर म्हणाला, अम्मा, डिब्बा ऊपर रख दो, गिर जाएगा. वहिनी म्हणाल्या, "नहीं भैया, इसमें घर के लोग हैं." कंडक्टर पुढचं तिकीट फाडायला गेला. शिप्रेच्या पुलावर वहिनींनी डब्यावर हात ठेवून नमस्कार केला. माझ्या घराचा जिना चढताना डबा त्यांनी कोणाला घेऊ दिला नाही. त्या दर काही पायऱ्यांनी थांबत होत्या आणि मी मागे थांबत होतो. पदर सावरायचं त्यांनी आता सोडून दिलं होतं.

घट बसला. दिव्यापाशी वहिनी आणि माझी बायको पाळीपाळीनं बसत. आमच्या गॅलरीतून देवीची टेकडी दिसते. त्या दिवसांत टेकडीवर चढणाऱ्यांची रांग दिवसभर हलत असते आणि भोंग्यांचा आवाज घरात येतो. नवरात्रात देवासला असण्याची वहिनींची ही पहिलीच वेळ, आणि टेकडी चढता येत नव्हती. त्या रोज सकाळी गॅलरीत उभ्या राहून हात जोडत आणि आत येऊन भगर घेत, डाव्या बाजूनं. जीभ उजव्या बाजूला सारखी जाते, असं त्या बायकोला सांगत. भरण जागेवर आहे की नाही ते पाहायला.

पाचव्या माळेच्या सकाळी दिव्याजवळ बायकोला बसवून आम्ही दवाखान्यात गेलो. दादा पहाटेच निघून थेट तिथे आला होता. भाच्याच्या टेबलावर एक्स-रेची फिल्म, लेपाची डबी, गुलाबी काड्या असं सगळं मांडून ठेवलं होतं. पक्कं भरण झालं की त्याच दिवशी एक्स-रे इंदूरला पाठवायचा आणि सर्जनकडून ऑपरेशनचा दिवस घ्यायचा, असं ठरलं होतं. तो दिवस अजून दिवाळीच्या आत मिळण्यासारखा होता.

वहिनींच्या तोंडावर रबराचा पातळ पडदा ताणला होता. त्यातल्या भोकातून तेवढी ती दाढ वर आली होती. लाळ आत जाऊ नये म्हणून हा पडदा. तज्ज्ञ डॉक्टरांनी कच्चं भरण काढलं, औषध धुतलं आणि नळ्या वाळवायला कागदाच्या बारीक काड्या एकेक करून आत घातल्या. बाहेर आलेली काडी कोरडी असली पाहिजे. बाकीच्या नळ्यांतल्या कोरड्या आल्या. एका नळीतल्या काडीचं टोक ओलं होतं. दुसरी घातली, तीही ओली. थोडं थांबून आणखी एक. भाच्यानं ती उजेडाकडे धरली आणि टोकावरचा फिकट गुलाबी डाग आम्हाला दारातूनही दिसला. मुळाच्या टोकापलीकडून पाणी अजून येत होतं.

तज्ज्ञ डॉक्टर म्हणाल्या की कधीकधी याच्यावरही भरतात आणि निभावतं, कधीकधी नाही. एक्स-रेत दोन्ही सारखंच दिसतं. पेशंट तुमचा आहे, तुम्ही ठरवा, असं त्यांनी भाच्याला सांगितलं आणि हातमोजे न काढता फक्त खुर्ची मागे घेतली.

वहिनींना बोलता येत नव्हतं. मग दादा बाकावरून उठून दारात आला. या वेळी त्याच्या आवाजात टोमणा नव्हता, विनवणी होती.

"भरून टाक ना, बाबा. वर कॅप बसली की कोणाला दिसतंय."

"मोठे मामा, मागच्या वेळीही कोणाला दिसलं नव्हतं."

एवढं बोलून तो वहिनींच्या बाजूला गेला आणि त्यांना दिसेल अशा ठिकाणी उभा राहिला. "मामी, आज भरणार नाही," तो म्हणाला. वहिनींनी पडद्यावरून त्याच्याकडे पाहिलं. हात उचलून त्यांनी काहीतरी खूण केली; तिचा अर्थ तारीख असा होता की दिवा असा, ते मला समजलं नाही. त्यानं तीच गोष्ट पुन्हा सांगितली, तितक्याच हळू आवाजात. गेल्या वर्षी त्याच खुर्चीशी उभा राहून तो ठीक आहे म्हणाला होता.

पुन्हा औषध भरलं, पुन्हा कच्चं भरण. घरी आल्यावर वहिनी आधी दिव्यापाशी गेल्या. दिवा चालू होता. त्यांनी वात थोडी पुढे सारली आणि मग बायकोला सांगितलं की ते रबर फुग्यासारखं लागतं.

दसरा झाला. सोनं माझ्या घरी वाटलं, दवाखान्यात नव्हे. पुढच्या गुरुवारी काडी पुन्हा ओली आली. भाचा काही बोलायच्या आत वहिनींनी पडदा काढायची खूण केली आणि तोंड पुसून म्हणाल्या, "काढ आता. ही सुकायची वाट बघत बसले तर माझाच दम पुरायचा नाही."

हृदयाच्या डॉक्टरांशी फोनवर बोलून भाच्यानं ती काढली. फार त्रास झाला नाही. मुळाच्या टोकाला डाळीच्या दाण्याएवढी मऊ गाठ चिकटलेली होती. त्यानं दाढ जाळीच्या कापडावर ठेवली. दादा ती हातात घेऊन, कापडाचा काठ पाहावा तशी, उजेडात फिरवत राहिला. मग त्यानं फळीवरच्या बाटलीकडे बोट केलं. ही त्या शाईत घाल, म्हणाला. कुठून गळलं ते तरी कळेल, कापसानं की भरण्यानं. भाच्यानं सांगितलं की आता कळणार नाही. दोनदा उकरली आहे. जे होतं ते आपणच काढून टाकलं. दादानं दाढ परत कापडावर ठेवली आणि तो प्रश्न नंतर कोणीच विचारला नाही.

सर्जननं जखम भरू द्यायला सांगितलं. दिवाळीच्या आतला दिवस गेला, दिवाळीनंतरचा मिळाला. मधल्या काळात आराम, मीठ कमी, जिना नको. जिना नको हे दादाच्या घरात कसं जमणार, ते कोणी बोललं नाही. देवासलाच राहा असं बायकोनं वहिनींना पुष्कळ सांगितलं. दुकानात दिवाळीची गर्दी आहे, असं त्या म्हणाल्या. जाताना घटातले धान्याचे कोंब आणि माती त्यांनी आमच्या तुळशीत घातली. टाकांचा डबा मात्र नेला नाही. पुन्हा इंदूरला यायचंच आहे. ऑपरेशन झालं की परतताना मीच नेईन, तोवर इथंच असू दे, असं त्यांनी बायकोला बजावलं. थोरल्या घरचा देव धाकट्या घरी राहायची ही पहिलीच वेळ. दादा तेव्हा जिना उतरत होता. त्यानं ऐकलं असेल, पण तो वळला नाही.

त्यानंतर त्या रोज सकाळी फोन करीत. फूल वाहिलं का, दूध दाखवलं का, एवढं विचारत. बायको उलट विचारी, दम कसा आहे. चांगला आहे, असं उत्तर येई. एका सकाळी भाचा आमच्याकडे होता आणि फोन स्पीकरवर होता. त्याच्यापुढेही तेच बोलणं झालं. फोन ठेवल्यावर त्यानं चहाचा कप बाजूला सारला.

"मामा, 'कालच' म्हणाल्या होत्या ना," तो म्हणाला, "तेव्हा आवाज असाच होता."

चहा तसाच ठेवून तो उठला. दवाखान्याच्या दारावर आज बंद असल्याची चिठ्ठी लावली आणि इंदूरची बस धरली. दुपारी त्याचा धारहून फोन आला. दुकानात दिवाळीची गर्दी होती, दादा गिऱ्हाइकांत होता, आणि मामी वरून दुसऱ्या पायरीवर भिंतीला टेकून बसल्या होत्या. दादाच्या जेवणाचा डबा शेजारी होता. त्यांना बोलताना एका श्वासात वाक्य पुरं करता येत नव्हतं, आणि कधीपासून असं विचारल्यावर त्यांनी आत्ताच म्हणून सांगितलं होतं. त्यानं गाडी बोलावली होती. ऑपरेशनच्या दिवसाची वाट न पाहता तो त्यांना तसाच इंदूरला घेऊन निघाला होता. मागून दादाचा आवाज येत होता. तो दुकानाचं शटर ओढायला सांगत होता.

हे लिहितो आहे तेव्हा वहिनी इंदूरला दाखल आहेत. आधी फुप्फुसांतलं पाणी उतरवायचं आहे, मग सर्जन ठरवेल. हिरडी भरून आली आहे, तोंडात गळण्यासारखं काही राहिलेलं नाही, एवढं भाचा त्याच्या माहितीवर सांगू शकतो. पुढचं तो सांगत नाही. टाकांचा डबा आमच्या देवघरात आहे. वहिनींचा सकाळचा फोन बंद आहे, तरी त्या वेळेला बायको फूल वाहते आणि फोन जवळ घेऊन बसते.